लाल दोऱ्याचं पोतं, निळ्या दोऱ्याचं पोतं

१२ जानेवारी

तर मावशी, तुझा तो मुद्दा मी सोडलेला नाही. परत जाताना बसच्या पायरीवरून तू म्हणालीस ना, "नाक नाही, डोळे नाहीत, अशा जंतूंना पोसायला तुमच्या कंपनीत एवढी माणसं?" आणि बस सुटली. माझं उत्तर तोंडातच राहिलं. तेव्हापासून मी ते घेऊन फिरतेय.

आता ऐक. कोळंबीच्या पाठीतून जो काळा दोरा दिसतो ते तिचं आतडं. त्यात जंतू असतातच. प्रश्न एवढाच, की चांगले की वाईट. बेसिकली हे तुझ्या त्या बससारखंच आहे. चांगले जंतू आधी जाऊन सीटवर बसले, की वाईट जंतूंना उभं राहावं लागतं आणि मग ते कंटाळून पुढच्या स्टॉपला उतरतात! मग कोळंबीने खाल्लेलं अंगी लागतं, वजन वाढतं, रोगाशी झगडायला जोर राहतो. आमच्या लॅबमधल्या काचेच्या टाकीत हे मी स्वतः पाहिलंय. एक कोळंबी तर इतकी टुणटुणीत झाली की तिने माझा हातमोजा धरून ठेवला.

पण टाकी ती टाकी. खऱ्या तळ्यात पाऊस पडतो, बगळे येतात, काका येतात. म्हणून मला तुझी कोळंबीची दोन तळी हवीत.

ह्या ट्रकने दोन पोती पाठवतेय. एकाचं तोंड लाल दोऱ्याने शिवलंय, एकाचं निळ्या. एकात आमची नवीन पावडर आहे, 'बलजंतू प्लस'. दुसऱ्यात नुसता कोंडा, ज्यात आम्ही ते जंतू मिसळतो तो. दिसायला, वासाला दोन्ही एकसारखी. कुठल्यात काय आहे हे तुला सांगणार नाही. मलाही माहीत नाही! फक्त लॅबच्या मॅडमना माहीत आहे. म्हणजे कुणाला पक्षपात करता येत नाही. लाल पोतं वरच्या तळ्याच्या फीडला, निळं खालच्या. पावडर थोड्या पाण्यात कालवायची, फीडवर मारायची, सावलीत वाळवायची, वरून माशाच्या तेलाचा हात. नाहीतर तळ्यात पडताच सगळे जंतू धुऊन निघतात आणि आपण नुसतं पाणी पौष्टिक करत बसतो.

मावशी, हे माझ्यासाठी खूप मोठं आहे. हा माझा पहिला ट्रायल, रिपोर्टवर माझी सही. नीट झाला तर नोकरी पक्की. आणि मागच्या हंगामात तुझ्या दोन्ही तळ्यांचं जे झालं ते पुन्हा कुणाचंच होऊ नये, हेही आहेच. दोरे सांभाळ, बाकी काही नाही. उत्तर पत्रानेच दे, फोनवर मी तुला बोलू देत नाही असं तूच म्हणतेस.

तुझी,
भिंगरी


१९ जानेवारी

भिंगरी,

पोती पोचली. ड्रायव्हरने उतरवता उतरवता विचारलं, "हे कशाचं औषध?" मी म्हटलं, बसमध्ये जागा धरायचं. तो बिचारा अजून विचार करत असेल.

'बलजंतू प्लस'मधलं प्लस म्हणजे काय गं? नुसते बलजंतू कुठे मिळतात, की जन्मतःच प्लस असतात? आणि पोत्यावर कोळंबीला दंड काढून दाखवलेत. कोळंबीला दंड? तुमच्या चित्रकाराने कोळंबी ताटाबाहेर कधी पाहिलीय का, विचार त्याला.

तू सांगितलंस तसं चाललंय. कालवायचं, मारायचं, वाळवायचं, तेलाचा हात. तुझ्या काकांनी पहिल्याच दिवशी नाक लावलं आणि म्हणाले, "आंबलंय." मी म्हटलं, "आंबवलंय. कंपनीत त्यासाठी पगार मिळतो." तेव्हापासून ते पावडरीशी अदबीने वागतात.

आमच्या वन्सं आहेतच. म्हणजे तुझ्या काकांची सख्खी बहीण, लहानपणी तुझे गाल ओढायची ती. त्यांचं तळं आमच्या खालच्या तळ्याला लागून, मध्ये एक बांध. बांध मातीचा आहे, पण वन्संची नजर आरपार जाते. "वहिनी, आज काय नवीन घालताय?" मी म्हटलं, भाचीच्या कंपनीचं आहे, जंतू आहेत. वन्सं म्हणाल्या, "आमच्याकडे जंतू असतात ते काढायला आम्ही मरतोय, तुम्ही विकत घेताय." तुझी बस आठवली, पण वन्संना बस सांगितली असती तर त्यांनी तिकीट कितीचं ते विचारलं असतं.

मागच्या हंगामाचं तू लिहिलंस. त्या सकाळी मी तळ्यावर गेले तर बगळे बांधावर दाटीवाटीने उभे. एवढे बगळे आले म्हणजे तळ्यात काय झालं असेल ते पाणी बघायच्या आधीच कळतं. आधी वरच्या तळ्यातल्या कोळंब्या मेल्या, मग चार दिवसांनी खालच्या. माझ्या हातचं दोन्ही गेलं. तेव्हा तू काळजी करू नकोस, दोन्ही तळ्यांकडे मी नीट बघतेय. एकाला झुकतं माप आणि एकाला वाळीत, असलं माझ्या हातून व्हायचं नाही. दोरेही तुझ्या सांगण्याप्रमाणे. वरच्याला लाल, खालच्याला निळा.

जेवत जा वेळेवर.

मावशी


३ फेब्रुवारी

मावशी,

"एकाला झुकतं माप आणि एकाला वाळीत, असलं माझ्या हातून व्हायचं नाही." मावशी, ह्यालाच आम्ही कंट्रोल्ड कंडिशन्स म्हणतो! हे वाक्य मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, असा शेतकरी मिळायला नशीब लागतं. मार्केटिंगचे साहेब म्हणाले, ह्या बाईंचा फोटो मागवा.

साहेब म्हणजे उत्साहाचा धबधबा आहेत. त्यांनी कोळंबी फक्त ताटात पाहिलीय, पण आत्मविश्वास असा की कोळंबीनेच त्यांच्याकडून शिकावं. त्यांनी बोर्डवर दोन रेघा काढल्या. एक वर जाणारी, एक लोळणारी. खाली लिहिलं, 'अपेक्षित निकाल'. मी म्हटलं, "सर, अजून जाळंही टाकलेलं नाही." ते म्हणाले, "म्हणूनच अपेक्षित."

फेकजाळं टाकून दोन्ही तळ्यांतल्या कोळंब्यांची वजनं कळवत राहा. मला झोप येत नाहीये. दोन्हींतला फरक कधी एकदा दिसतोय असं झालंय!

भिंगरी


२६ मार्च

भिंगरी,

फरकाचं विसर.

दर वेळी जाळं टाकलं, दर वेळी तागडीत घातलं. वरचं आणि खालचं म्हणजे जुळ्या बहिणी. काका म्हणाले, "एकदा डोळे बांधून वजन कर, मग तरी फरक येईल." पण अंग बघशील तर असं भरलेलं, कवच टणक, आतडं शेवटपर्यंत भरलेलं आणि रंगाने छान. रोगाचं नाव नाही. पुढच्या आठवड्यात काढणी. इतक्या दिवसांनी मी बांधावर उभं राहून पाण्याकडे बघते आणि बगळे मोजायची आठवण होत नाही. हे तुझ्या रिपोर्टात बसत असेल तर घाल.

तुमचा फोटोवाला आला होता. त्याने मला दोन्ही हातांत कोळंब्या धरायला लावल्या आणि म्हणाला, "आजी, हसा." आजी! मी हसले नाही. तेव्हा कोळंबीने बोटाला टोचलं, आणि मी ओरडले, तो फोटो त्याला आवडला.

वन्सं बांधापलीकडून बघत होत्या. त्यांचा फोटो कुणी काढला नाही, त्यामुळे आता दोन आठवडे मला दोन्ही वेळचा अबोला आहे. शांतता आहे. सुख म्हणतात ते हेच असावं.

मावशी


२१ एप्रिल

मावशी,

मी खूप गोंधळलेय, तरी सगळं क्रमाने सांगते.

निकाल आला. शून्य फरक. मॅडमनी सांगितलं, लाल दोऱ्यात बलजंतू होते, निळ्यात कोंडा. आणि कोंडा खाऊन खालचं तळं वरच्याइतकंच फुललं. म्हणजे आमच्या पावडरीचा उपयोग कोंड्याएवढा. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन रिपोर्टात लिहिलं, 'फरक आढळला नाही.' त्याखाली सही केली.

साहेबांनी ते वाचलं. मला वाटलं, आता गेले कामातून. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. ते म्हणाले, "खालचं तळं वरच्याला लागून आहे ना?" मी म्हटलं, हो. "मध्ये नुसता बांध?" हो. "मग हा फरक नसणं नाही. हा शेजार-परिणाम आहे!"

मावशी, त्यांचं म्हणणं असं, की आमचे जंतू इतके दमदार आहेत की ते बांध ओलांडून शेजारच्या तळ्यातही गेले. मी विचारलं, कसे? ते म्हणाले, "सायंटिस्ट तू आहेस, तू सांग." मग मी बसले विचार करत. बगळे! बगळा वरच्या तळ्यात उभा राहतो, पायाला चिखल लागतो, तोच पाय खालच्या तळ्यात टाकतो. अगदीच अशक्य नाही ना? थोडं पाणी झिरपतही असेल. मी तसं एका कागदावर लिहून दिलं, तीनदा 'कदाचित' घालून. छापून आलं तेव्हा एकही 'कदाचित' नव्हता.

पोत्याचं नवीन डिझाइन सोबत पाठवतेय. 'बलजंतू प्लस : एका तळ्यात घाला, दोन तळी वाढवा.' मधोमध तू, कोळंब्या धरून ओरडताना. साहेब म्हणतात, हा आनंदाचा चीत्कार आहे.

माझी नोकरी पक्की झाली. मला आनंद व्हायला हवा. होईल बहुतेक.

भिंगरी


४ मे

भिंगरी,

पोत्यावरचा फोटो पाहिला. नाक माझंच आहे, बाकी कुणाचंही असू शकेल. तुझ्या काकांनी ते पोतं कापून दारावर लावलंय. येणारा जाणारा बघतो. फीडच्या दुकानात मला बसायला खुर्ची दिली. इतकी वर्षं तिथे मी पोत्यावर बसायचे, आता पोत्यावर असते म्हणून खुर्ची.

नवीन पिल्लं दोन्ही तळ्यांत सोडली. वन्संनीही सोडली. वन्सं आता बोलतात. फारच बोलतात. "वहिनी, मागच्या खेपेला माझं तळं बरं गेलं ते उगाच नाही, तुमच्या जंतूंची कृपा." गोड बोलल्या की मला धडकी भरते.

तुला एक सांगायचं होतं त्या दोन पोत्यांबद्दल. पण ट्रकवाला हॉर्न वाजवतोय. पुढच्या पत्रात.

मावशी


११ जून

मावशी,

त्या पोत्यांबद्दल काय सांगणार होतीस? लवकर सांग, कारण इथे आग लागलीय.

बलजंतू प्लस खपत नाहीये. लोकांचा विश्वास नाही म्हणून नव्हे. विश्वास आहे म्हणून! सगळ्यांना शेजार-परिणाम पटलाय. त्यामुळे प्रत्येक जण शेजाऱ्याने पोतं आणायची वाट बघतोय. आमचा सेल्समन एका गावात गेला, तर पहिला म्हणाला, "पलीकडच्याला विका, मला आपोआप लागेल." पलीकडचा म्हणाला, "मी काय त्याच्या कोळंब्या पोसू?" एका ठिकाणी दोन सख्खे भाऊ बोलेनासे झालेत. कुणी एकाने चुकून पोतं घेतलं, तर तो बांधावर बसून बगळे हाकलतोय, जंतू बाहेर जाऊ नयेत म्हणून. अख्ख्या भागात मिळून सात पोती खपली, त्यातली दोन तुमच्याकडे येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरकाकांनी घेतली, त्यांना तळं नाही, त्यांना तो फोटो आवडला.

साहेब म्हणतात ही माझ्या बगळ्यांची चूक. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "झिरपण्यावर थांबली असतीस तर चाललं असतं."

पण मला आतून काही वेगळंच खातंय. लॅबच्या टाकीत फरक दिसला होता, गं. खरा दिसला होता. मग तळ्यात का नाही? मी कुठे चुकले? तू तागडी नीट धरली होतीस ना?

भिंगरी


१८ जून

भिंगरी,

तागडी नीट धरली होती. पोती नीट धरली नव्हती.

बसून वाच. पोचली त्याच दिवशी मी दोन्ही पोती उसवली, एकाच ताडपत्रीवर ओतली, फावड्याने खालीवर केली आणि पुन्हा दोन्ही भरली. लाल दोऱ्याने लाल शिवलं, निळ्याने निळं. दोरे सांभाळ म्हणालीस, दोरे सांभाळले.

आता तू ओरडशील. ओरड, पण आधी माझं ऐक. दोन्ही तळी माझी. दोन्ही मागच्या वेळी माझ्या डोळ्यांदेखत गेलेली. तू सांगतेस एकाला औषध दे, एकाला कोंडा, आणि कुणाला काय ते विचारू नकोस. उद्या खालच्या तळ्यावर बगळे जमले असते, तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं? संध्याकाळी फीड घेऊन गेलं की दोन्हीकडची पिल्लं कडेला येतात. एकीकडे भरल्या हाताने जायचं, दुसरीकडे कोंडा घेऊन? असली आई कुठे असते का? मला वाटलं, दोघांना अर्धं अर्धं मिळालं तर कुणाचं काय बिघडणार? तुझं शास्त्र त्यात बुडेल हे डोक्यातच आलं नाही. मला वाटलं ट्रायल म्हणजे औषध घालून बघणं. न घालून बघणं हे पण बघणं असतं, हे मला कुणी नीट सांगितलंच नाही, किंवा सांगितलं असेल आणि मी तुझी बस बघत बसले.

मग फोटो आला, खुर्ची आली. मग सांगायला जीभ रेटेना. ट्रकवाला हॉर्न वाजवत नव्हता. तो चहा पीत होता.

हे मी अजूनही लपवलं असतं. पण आता वन्संचं तळं बिघडतंय.

त्यांनी चेक ट्रे बघणं सोडलंय. तुला माहीतच आहे, फीड टाकल्यावर ती जाळीची ट्रे वर काढून बघायची, किती खाल्लं किती उरलं, त्यावर पुढचं ठरवायचं. वन्सं आता बघतच नाहीत. दोन्ही हातांनी फीड ओततात. मी म्हटलं, "वन्सं, उरलेलं तळाला कुजेल." तर म्हणाल्या, "कुजू दे, तुमचे शेजारचे जंतू येऊन खातील. पोत्यावर लिहिलंय, वहिनी. तुमच्याच फोटोखाली." काल त्यांच्या तळ्याच्या कडेचा चिखल काठीने उकरला तर काळा, आणि वास असा की काकांनी अदब सोडली. पहाटे कोळंब्या श्वासासाठी वर येऊन पोहतायत. आज एक बगळा आलाय. एकच. पण मी त्याच्याकडे बघतेय आणि तो माझ्याकडे.

तू ये. तू शिकलेली आहेस, कंपनीची आहेस, तूच सांग त्यांना की शेजार-परिणाम वगैरे काही नसतं. माझ्या तोंडून त्यांना पटायचं नाही. आणि खरं सांगू, माझ्या तोंडून निघायचंही नाही.

मावशी


२४ जून

मावशी,

मी तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा उशीत तोंड खुपसून ओरडले. मग हसले. मग पुन्हा ओरडले. "असली आई कुठे असते का" हे वाचून चिडायला सुद्धा जमेना, ह्याचा जास्त राग आला.

तू म्हणतेस कुणी नीट सांगितलं नाही. बरोबर आहे. मी तुला आतडं सांगितलं, बस सांगितली, दोरे सांगितले. एकाला का द्यायचं नाही, हे सांगायचं राहिलं. मला ते इतकं उघड वाटत होतं!

पण आता माझ्या सहीचा रिपोर्ट खोटा आहे, हे मला माहीत आहे. पावडर चालते की नाही, कुणालाच माहीत नाही. मला नाही, मॅडमना नाही, कोळंबीला विचारता येत नाही. आणि ह्या कुणालाच माहीत नसलेल्या गोष्टीवर वन्संआत्या तळं सोडून बसल्यात.

मी सरळ साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. म्हटलं, सर, शेजार-परिणाम नाहीच, दोन्ही तळ्यांना अर्धी अर्धी पावडर मिळाली होती, पोती परत मागवू या, लोकांना कळवू या. आणि हळूहळू तोच उजेड त्यांच्या चेहऱ्यावर. मावशी, मला त्या उजेडाची आता भीती वाटते.

"म्हणजे," ते म्हणाले, "अर्ध्या डोसमध्ये दोन्ही तळी फुलली?"

पुढच्या महिन्यात येतंय, 'बलजंतू हाफ'. अर्ध्यात पूर्ण. फोटो तोच. नवीन रिपोर्ट टाइप होऊन माझ्या टेबलावर आला, फक्त सही बाकी. मी म्हटलं, "सर, बलजंतू नसलेलं तळंच नव्हतं, मग तुलना कशाशी?" ते म्हणाले, "तुलना करणारे मागे राहतात."

मी सही केली नाही. आज मला लॅबमधून काढून पॅकिंगला पाठवलं. मी आता पोत्यांची तोंडं शिवून घेते. दोरा फक्त पांढरा. हिरोगिरी म्हणून सांगत नाहीये, मला खूप वाईट वाटतंय. लॅबच्या खिडकीतून माझी टाकी दिसते.

सुट्टी मागितली, मिळाली नाही. मावशी, तू माझी वाट बघू नकोस. ह्याच क्षणी उठ आणि बांधावर जा. आत्यांना सांग, फीड बंद करा, एरेटर सगळे चालू ठेवा, पाण्यात हवा खेळू दे, तळाचं पाणी बदला, आणि कोळंब्यांची कवचं मऊ पडत असतील तर लवकर काढणी करा. हे सांगायला कंपनीचं माणूस लागत नाही. पोत्यावरचं माणूस पुरेल.

भिंगरी


१० ऑगस्ट

भिंगरी,

गेले. तुझं पत्र हातात धरूनच गेले, चष्मा डोक्यावर तसाच. लिहायला मात्र आज सवड मिळाली.

वन्सं बांधावर होत्या. मी एका दमात सांगून टाकलं. ताडपत्री, फावडं, दोरे, सगळं. म्हटलं, बांधापलीकडे काही जात नाही, माझे जंतू तुमच्याकडे कधी आलेच नाहीत, तुमचं तळं तुमच्याच हाताने कुजतंय. मला वाटलं आता त्या मला तळ्यात ढकलणार.

वन्सं कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे वहिनी, इतके दिवस तुम्ही मला काही देतच नव्हता?"

खोटं बोलले ह्याचा राग नाही! दिलं नाही ह्याचा राग. "मी अख्ख्या गावात सांगत फिरले, वहिनींचं मला लागतं म्हणून. आणि तुम्ही नुसत्या बघत होता!" मी म्हटलं, "रागवा पण आधी एरेटर लावा." मग तुझ्या काकांनी आमचा एक एरेटर उपसून त्यांच्या तळ्यात नेला, मी पंप लावला, आणि वन्सं आम्हाला शिव्या देत देत ट्रे वर काढत होत्या. अर्ध्याहून अधिक वाचलं. लहान असतानाच काढावं लागलं, भाव काही मिळाला नाही, पण वाचलं. बाकीचं बगळ्यांनी नेलं. मी त्या बगळ्याकडे आता बघत नाही.

तुमच्या साहेबांना एक निरोप दे. 'हाफ' इकडे पाठवू नका म्हणावं. वन्संनी एका आठवड्यात प्रत्येक बांधावर जाऊन सांगितलंय, पोत्यावरची बाई आपली वहिनी आहे आणि ती खोटारडी आहे. तुमच्या जाहिरातीची गाडी तीन महिन्यांत पोचली नव्हती तिथे वन्सं चालत पोचल्या. दुकानातली खुर्ची गेली. पुन्हा पोत्यावर बसते. सवयीचं आहे, बरं वाटतं.

पॅकिंगमधून तू पाठवलेली दोन पोती मागच्या पंधरवड्यात आली. तू लिहिलंयस, स्टाफला मिळणाऱ्या पोत्यांतून काढलीत, मॅडमनी एकात नुसता कोंडा भरून गुपचूप दोरे बांधलेत, ह्या वेळी खराखुरा ट्रायल, जे येईल ते छापायचं, कंपनी छापो न छापो. मी मनापासून करायचं ठरवलं. म्हटलं, एक पोतं माझ्या नुकत्याच काढणी झालेल्या खालच्या तळ्याला, एक वन्संच्या तळ्याला, पिल्लं एकाच वेळी, एकाच ठिकाणची. आपल्या दोन तळ्यांत मला भेदभाव जमत नाही, पण वन्संच्या तळ्याला कोंडा मिळाला तर मला झोप लागेल. हे मी मोठ्याने म्हणाले नाही. वन्संनी मात्र मोठ्याने म्हटलं, "कोंडा तुमच्याकडे येऊ दे म्हणजे झालं." तेव्हा ते बरोबर जमलं. दोघींना एकमेकींचं वाईट चिंतायचंय, म्हणजे कुणी पक्षपात करणार नाही.

पहिल्या दिवशी दोन्ही पोती बांधावर ठेवून आम्ही दोघी पहारा देत बसलो. त्या माझ्यावर, मी त्यांच्यावर. काका मध्ये चहा घेऊन. सगळं तुझ्या शास्त्राप्रमाणे.

पण काल संध्याकाळी वन्संना बरं नव्हतं. त्यांच्या फीडला पावडर मारायला आणि तळ्यात टाकायला मीच गेले. त्यांचं पोतं हातात, आणि पिल्लं कडेला आली. वन्संचीच, तरी आली. मेल्यांना काय माहीत कोण कुणाची नणंद. एवढीशी, नखाएवढी, काळे ठिपक्यांसारखे डोळे. आणि मला वाटलं, ह्या पोत्यात कोंडाच असेल तर? माझं पोतं बांधाच्या ह्या बाजूलाच होतं, तोंड उघडं. बघणारं कुणी नव्हतं. एक मूठ इकडची तिकडे केली असती तर कुणाला कळलं असतं?

मी केली की नाही ते तुला सांगणार नाही. सांगितलं तर तुला रिपोर्टात लिहावं लागेल, आणि नाही सांगितलं तर तू रात्रभर जागशील. जाग. पण आधी मला एवढं सांग, तू शिकलेली आहेस म्हणून नव्हे, खरंखुरं सांग. तू असतीस त्या बांधावर, समोर ती पिल्लं आणि दोन उघडी पोती, तर तू काय केलं असतंस?

मावशी